धाव : पनवेलच्या चाकांवरचे लोखंड

गेल्या वर्षी पनवेलचे आमचे जुने घर पाडायला काढले. तिथे आता सात मजली इमारत उभी राहते आहे. सामान हलवताना मागच्या पडवीत, सरपणाच्या ढिगामागे भिंतीला टेकवून ठेवलेले लोखंडाचे एक मोठे कडे सापडले. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढे उंच, तीन बोटे रुंद, बोटभर जाड. वर गंजाचा थर होता, पण कडे अजून गोल होते. भंगारवाल्याने ते काट्यावर चढवायला दोन माणसे लावली. म्हणाला, “चाचा, वीस-पंचवीस किलो भरेल. भाव भंगाराचाच मिळेल.”

अब्बा त्या कड्याला ‘धाव’ म्हणायचे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ही धाव आजोबांच्या काळापासून घरात होती. चाकाचे लाकूड केव्हाच जळणात गेले असणार, लोखंड तेवढे राहिले.

त्याच आठवड्यात नव्या इमारतीचे माहितीपत्रक हातात आले. त्यात लिहिले होते, ‘प्रवेशद्वाराला रॉट आयर्नचे आकर्षक गेट’. हे गेट बनवणारा कारागीर आमच्या ओळखीचा. मी त्याला ती धाव दाखवली. त्याने तिचा एक तुकडा अर्धा कापला, शिकंज्यात धरला आणि घणाने वाकवला. लोखंड लगेच तुटले नाही. ते वाकले, ताणले गेले आणि शेवटी फाटले. फाटलेल्या जागी बांबू मोडल्यावर दिसतात तसे लांब लांब तंतू दिसले. कारागीर थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “असे लोखंड माझ्या हाताखालून कधी गेले नाही.”

खरे रॉट आयर्न, म्हणजे घडीव लोखंड, हेच. त्याच्या दुकानात त्या नावाने विकले जाणारे सगळे आजचे नरम पोलाद. ज्याला गेट म्हणून मान मिळणार होता ते घडीव लोखंड नव्हते, आणि जे भंगारात चालले होते ते होते. मग मी या लोखंडाचा माग काढायला बसलो. तो पनवेलच्या बाजारातून निघून बोरघाटात, तिथून महाबळेश्वरच्या जंगलात गेला आणि शेवटी आमच्याच आडनावापाशी येऊन थांबला.

घडीव, बीड आणि पोलाद

लोखंडाचे ढोबळमानाने तीन प्रकार. ओतीव लोखंड, ज्याला आपण बीड म्हणतो, त्यात कार्बन दोन ते चार टक्के असतो. ते लवकर वितळते, साच्यात ओतता येते, पण ठिसूळ असते. घण मारला तर फुटते. पोलादात कार्बन त्याहून बराच कमी. त्याला पाणी देता येते, धार धरता येते. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच, बहुतेक वेळा ०.१ टक्क्याहूनही कमी. मात्र त्यात एक-दोन टक्के मळी राहिलेली असते. ठोकून ठोकून या मळीचे बारीक धागे होतात आणि लोखंडात आडवे पसरतात. मोडल्यावर लाकडासारखे तंतू दिसतात ते यामुळेच.

जुन्या पद्धतीत हे लोखंड वितळवले जात नसे. मातीच्या लहान भट्टीत लोहदगड आणि लाकडी कोळसा थरांनी भरायचा आणि भाता चालवत राहायचा. शुद्ध लोखंड वितळायला दीड हजार अंशांच्या वर तापमान लागते. एवढी आच त्या भट्टीत नसे. म्हणून तळाशी जमायचा तो मळी आणि लोखंड मिसळलेला सच्छिद्र गोळा. तो लालबुंद असताना ऐरणीवर घेऊन ठोकायचा. प्रत्येक घावाला मळी बाहेर उडायची आणि लोखंड घट्ट व्हायचे. घडीव हे नाव त्यावरूनच पडले.

या लोखंडाचे गुण रोजच्या वापराचे आहेत. ते मऊ असते, हवे तसे वळते. पांढरेशुभ्र तापवून दोन टोके एकमेकांवर ठेवली आणि घाव घातले तर ती एकजीव होतात, वेगळ्या सांध्याची गरज पडत नाही. ताण आला तर तडकण्याआधी ताणले जाते, म्हणजे माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. साखळी, जहाजाचा नांगर, घोड्याची नाल, पहार, खिळे, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज आणि गाडीची धाव यांसाठी शतकानुशतके हेच लोखंड वापरले गेले. मराठीत शेत नांगरणाऱ्या अवजाराला नांगर म्हणतात आणि गलबत थांबवणाऱ्या आकड्यालाही नांगर म्हणतात. खाडी आणि शेत एकमेकांना लागून असलेल्या पनवेलमध्ये लोहाराला दोन्ही नांगर ठाऊक असणार.

घडीव लोखंडाचा आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध नमुना दिल्लीत कुतुबमिनारजवळ, कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या अंगणात उभा आहे. सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड असा हा स्तंभ गुप्तकाळातला. तापलेले गोळे एकमेकांवर ठोकून, जोडत जोडत तो उभारला आहे. सुमारे सोळाशे वर्षे उन्हापावसात राहूनही तो गंजून गेलेला नाही. पॅरिसचा १८८९ सालचा आयफेल मनोराही घडीव लोखंडाचाच. त्याच्या लोखंडी सांगाड्याचे वजन सुमारे ७,३०० टन आहे. पण १८५६ मध्ये बेसेमरने पोलाद स्वस्तात आणि भरपूर बनवण्याची रीत काढली आणि घडीव लोखंडाचे दिवस हळूहळू भरले. इंग्लंडमधल्या बोल्टनचा शेवटचा मोठा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला. तेव्हापासून ‘रॉट आयर्न’ हे बाजारात फक्त नाव आहे.

सह्याद्रीतले धावड

हे लोखंड महाराष्ट्रात कोण काढत होते? ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटली नाही.

महाबळेश्वरच्या डोंगरात जांभ्या दगडाबरोबर लोहदगड सापडतो. तो गोळा करून, जंगलात कोळसा पाडून, भट्ट्या लावून लोखंड काढणारी एक जमात तिथे राहत होती. त्यांना धावड म्हणत. महाबळेश्वरचे हे धावड मुसलमान होते. त्यांचा सगळा संसार जंगलाभोवती होता, कारण लोखंडाच्या कितीतरी पट कोळसा भट्टीत जळत असे. त्यांनी काढलेल्या लोखंडातून खालच्या गावांतले लोहार फाळ, कोयते आणि कुऱ्हाडी घडवत.

मराठी मुसलमानांचा इतिहास सांगायला बसलो की आपण दौलताबाद, अहमदनगर, विजापूर अशी नावे घेतो. मलिक अंबरचे नाव घेतो आणि घ्यायलाच हवे. पण डोंगरातल्या भट्टीसमोर बसून भाता ओढणारा धावड त्या इतिहासात नसतो. त्याने कुठला किल्ला जिंकला नाही. किल्ल्याच्या दरवाजाचे खिळे मात्र त्याच्यासारख्याच कुणी काढलेल्या लोखंडातून आलेले असतात.

धावडांचा धंदा एकोणिसाव्या शतकात बसला. त्याला दोन कारणे होती. इंग्लंडमध्ये हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये घडीव लोखंड मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत शोधली होती. दगडी कोळशाच्या भट्ट्यांत बनलेल्या आणि यंत्रावर लाटलेल्या पट्ट्या जहाजाने मुंबईला येऊ लागल्या. डोंगरातल्या लोखंडापेक्षा त्या स्वस्त पडत. दुसरीकडे जंगलावर सरकारचा ताबा घट्ट होत गेला. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनंतर कोळसा पाडणे पूर्वीसारखे राहिले नाही. सरपण महागले, लोखंड स्वस्त झाले आणि भट्ट्या विझल्या.

महाबळेश्वरला गिरिस्थान म्हणून वसवणारा गव्हर्नर म्हणजे जॉन माल्कम. तिथल्या पेठेला त्याचेच नाव होते, माल्कमपेठ. याच माल्कमने १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. त्या रस्त्याने पनवेलचे नशीब बदलले.

बोरघाट खुला झाला

त्याआधी कोकणातून देशावर माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून. वंजाऱ्यांचे तांडे मीठ, धान्य, कापड घेऊन घाट चढत. पाठीवर गोणी घेतलेल्या बैलाला रस्ता लागत नाही, वाट पुरते. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून बोरघाटाची वाट सुधारून घेतली होती, पण ती लष्कराच्या सोयीची होती. व्यापाऱ्याची भरलेली गाडी घाटातून चढू-उतरू लागली ती १८३० नंतर.

पनवेल हे त्या रस्त्याचे बंदर. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस मचव्यात बसायचा, भरतीच्या पाण्यावर पनवेलच्या खाडीत यायचा आणि पुढे गाडीने किंवा पालखीने खोपोलीमार्गे घाट चढायचा. परतीच्या गाड्या देशावरचा कापूस आणि धान्य घेऊन पनवेलला उतरायच्या. वस्ती वाढली, वखारी वाढल्या. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक.

याच काळात देशावरची गाडीही बदलत होती. जुन्या गाड्यांची चाके भरीव असत, काही ठिकाणी तर दगडाची. १८३६ च्या सुमारास जमीनमोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूरकडच्या टेंभुर्णीत हलक्या, सुधारलेल्या गाड्या बनवण्याचे काम सुरू केले. आऱ्यांचे चाक आणि त्यावर लोखंडी धाव असलेली ही गाडी दोन बैलांना ओढता यायची. रस्ता आणि गाडी एकाच सुमारास आली, आणि चाकांची मागणी वाढली.

ती पनवेलने पुरवली. इंग्रज सरकारच्या गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद आहे, त्यात गावाचा मुख्य उद्योग म्हणून गाडीची चाके बनवणे हेच दिले आहे. देशावरून येणारी प्रत्येक गाडी इथून चाकांची एक जोडी घेऊन जाते असे लोक म्हणतात, असेही तिथे नोंदवले आहे. पनवेलच्या कुठल्या पाटीवर हे वाक्य मला दिसले नाही. पण एखाद्या गावाची याहून चांगली ओळख काय असू शकते?

चाके इथेच का, याचे उत्तर नकाशात आहे. चाकाला लागणारे चिवट लाकूड सह्याद्रीच्या उतारावर होते. लोखंडाच्या पट्ट्या मुंबईच्या बंदरातून मचव्याने येत होत्या. आणि गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीत बसून घाट उतरून दारात येत होते. घाटातल्या दगडांनी त्याची जुनी चाके खिळखिळी केलेली असायची. माल विकून हातात रोकड आलेली असायची. मग तो परतीआधी चाके बदलून घ्यायचा.

यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गावातला सुतार आणि लोहार बलुतेदार होते. वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ती रीत. पनवेलच्या बाजारातले चाक मात्र रोख पैशाने अनोळखी गिऱ्हाइकाला विकले जात होते. इथे कारागीर कोणाचा बलुतेदार नव्हता. चाक चांगले असेल तर पुढच्या खेपेला गिऱ्हाईक परत येईल, एवढाच त्यांच्यातला करार.

चाक एकट्याचे काम नव्हते. लाकूड सुताराचे, धाव लोहाराची, वंगणाचे तेल तेल्याचे. कोकणात तेल गाळण्याचा धंदा बेने इस्राएल समाजही करत असे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पनवेलमधले त्यांचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे आहे आणि आजही उभे आहे. गावात लोखंडी पाडा नावाची वस्तीही आहे. लहानपणी त्या नावाचे मला काही वाटायचे नाही. आता तिथून जाताना पाय थोडा हळू पडतो.

धाव कशी चढते

हे मी अब्बांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. त्यांनी लहानपणी स्वतः पाहिले होते.

चाकाच्या मधोमध तुंबा. तुंब्यात बसवलेले आरे. आऱ्यांच्या टोकांवर वक्र लाकडांचे पुठ्ठे जोडून झालेला गोल घेर. हे सगळे नुसते एकमेकांत अडकवलेले असते. अशा चाकावर भार टाकला तर चार मैलांत ते सुटे होईल. त्याला आवळून धरायचे काम धावेचे.

लोहार दोरीने चाकाचा घेर मोजायचा आणि त्याहून थोडी कमी लांबीची धाव करायचा. पट्टी वळवून गोल करायची, दोन्ही टोके तिरपी ठोकून पातळ करायची, एकावर एक ठेवून भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची आणि घावांखाली एकजीव करायची. घडीव लोखंडाचा सांधला जाण्याचा गुण इथे कामी येई. सांधा कच्चा राहिला तर धाव घाटात तुटणार आणि गाडी कड्याच्या बाजूला कलंडणार. म्हणून या एका सांध्यावर लोहाराची पत असे.

मग मोकळ्या जागेत गोवऱ्यांचे रिंगण रचायचे, त्यात धाव ठेवायची आणि पेटवून द्यायची. लोखंड तापले की वाढते. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर पंधरा-सोळा फूट भरतो. धाव सुमारे सहाशे अंशांनी तापली तर घेर सव्वा इंचाहून थोडा जास्त वाढतो. तेवढ्याच सवलतीवर सगळा खेळ. तीन-चार माणसे लांब सांडशांनी लाल धाव उचलायची आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवायची. लाकूड धुराने भरून जायचे, ज्वाळा निघायच्या. चहूबाजूंनी घण पडायचे. धाव बसली की लगेच पाण्याच्या घागरी. वाफेचा लोट उठायचा, लोखंड आकसायचे आणि आरे-पुठ्ठे करकरत एकमेकांत घुसायचे. अब्बा म्हणायचे, तो करकर आवाज आला की लोहार हातातला घण खाली ठेवायचा.

धाव उशिरा टाकली तर बसत नाही. पाणी उशिरा टाकले तर चाक जळते. हे सगळे मिनिट-दोन मिनिटांचे काम. तिथे जमलेल्यांपैकी कोण कोणत्या जातीचा, कोणत्या मजहबचा, हे विचारायला कोणाला वेळ नसे. सुताराचे चाक जळू नये ही काळजी लोहाराची, आणि लोहाराची धाव वाया जाऊ नये ही सुताराची. मला हे एकोप्याचे गोड चित्र म्हणून सांगायचे नाही. बाजारात भांडणेही होत असणार, भावावरून होत असणार. पण चाक बनायचे असेल तर एकमेकांशिवाय भागत नव्हते, एवढे खरे.

उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसायचे आणि धाव सैल पडायची. मग शेतकरी चाके काढून नदीत किंवा तळ्यात भिजत ठेवायचे. लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट. तळ्यांचे गाव असलेल्या पनवेलमध्ये तर पाण्याची कमी नव्हती.

आमच्या आडनावातली नाल

आता घरचे सांगतो. आमचे आडनाव धंद्यावरून पडलेले. आमच्या घराण्यात जनावरांना नाल ठोकण्याचे काम होते. पणजोबा गाड्यांच्या मागोमाग घाट उतरून पनवेलला आले असे घरात सांगतात. आजोबा, म्हणजे दादा, यांनी म्हातारपणापर्यंत हेच काम केले.

घोड्याचा खूर अखंड असतो, त्याला एक नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. एका बैलाला आठ. शेतातल्या मऊ मातीत चालणाऱ्या बैलाला पत्रीची गरज नसते. पण खडी टाकलेला रस्ता आला की खूर झिजतात, बैल लंगडतो. रस्ता जितका पक्का झाला तितकी नालबंदाची गरज वाढली. बोरघाट उतरून आलेल्या बैलाची पत्री झिजलेली असायची, आणि परत घाट चढायच्या आधी नवी लागायची.

दादा बैलाला दोर टाकून एका कुशीवर पाडायचे. चारही पाय एकत्र बांधून लाकडाला अडकवायचे. खूर तासून सपाट करायचे. मग पत्री ठेवून खिळे मारायचे. खिळा खुराच्या बाहेरच्या मेलेल्या भागातूनच वर यायला हवा. एक सूत आत गेला तर बैलाच्या जिवंत मांसात घुसतो आणि शेतकऱ्याचा हंगाम जातो. वर आलेले टोक मोडून तिथेच वळवायचे. खिळा मऊ लोखंडाचा असेल तर वळतो, कडक असेल तर तुटतो. दादा खिळा आधी दाताखाली धरून पाहायचे असे अब्बा सांगायचे. खरे-खोटे अल्लाह जाणे. बैल मोकळा करण्याआधी ते बिस्मिल्ला म्हणत त्याच्या कपाळावर हात फिरवायचे. बैलाचा मालक बहुतेक वेळा माळकरी असायचा. त्यालाही या हाताचे काही वाटत नसे.

शाळेत मात्र माझ्या आडनावाची चेष्टा व्हायची. मुले विचारायची, “तुझ्या पायाला किती नाल?” मी घरी येऊन रडलो तेव्हा दादांनी मला कुरआनातल्या सत्तावन्नाव्या सूरेचे नाव सांगितले : अल-हदीद. हदीद म्हणजे लोखंड. त्या सूरेत लोखंडाच्या जबर ताकदीचा उल्लेख आहे आणि त्याच ठिकाणी लोकांना होणाऱ्या त्याच्या फायद्यांचाही. दादा म्हणाले, “ताकद तलवारीवाल्यांनी घेतली. फायदा आपल्या वाट्याला आला.” ते फारसे शिकलेले नव्हते. पण इतिहासाची जी वाटणी त्यांनी त्या एका वाक्यात केली, ती मला पुढे कुठल्या पुस्तकात इतकी स्पष्ट सापडली नाही.

प्रेषितांच्या सुरुवातीच्या साथीदारांपैकी हजरत खब्बाब मक्केत लोहारकाम करत. त्यांनी केलेल्या कामाचे पैसे तिथल्या एका बड्या माणसाने अडवून धरले होते, ही हकीकत हदीसमध्ये येते. कारागिराचे काम घ्यायचे आणि हक्क मागितला की तोंड फिरवायचे, ही रीत फार जुनी आहे.

लोखंडाने लोखंडाला मागे सारले

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. त्या काळचे रूळही घडीव लोखंडाचेच असत. पुढे पोलादाचे आले. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली. पंचवीस बोगदे, हजारो मजूर आणि कितीतरी मृत्यू, असे ते काम. रेल्वे कल्याण-कर्जतवरून गेली, पनवेल बाजूला राहिले. मुंबई-पुण्याचा प्रवासी आणि मोठा माल रुळावर गेला. रूळ झालेल्या लोखंडाने धाव झालेल्या लोखंडाचे गिऱ्हाईक ओढून नेले.

तरीही चाकांचा धंदा लगेच मेला नाही. रेल्वे येऊन गेल्यानंतरच्या काळातले गॅझेटियरही पनवेलची ओळख चाकांचीच देते. रेल्वे स्टेशनपर्यंत माल पोहोचवायला आणि तिथून गावात न्यायला गाडीच लागत होती. खरा घाव घातला मोटारींनी आणि रबरी टायरने. ट्रक घाट चढू लागले. बैलगाडीलाही जुने मोटारीचे टायर लागले. टायरगाडीला ना सुताराचे चाक लागते, ना लोहाराची धाव. डांबरी सडकेवर धाव लावलेल्या गाडीने रस्ता खराब होतो अशी तक्रारही होऊ लागली. ज्या धावेने रस्ता जिवंत ठेवला तीच आता रस्त्याला नकोशी झाली. दादांच्या शेवटच्या वर्षांत महिन्याला दोन-चार बैल यायचे. अब्बांनी ड्रायव्हिंगचे लायसन काढले.

पनवेलचे लोखंडाशी नाते मात्र सुटले नाही. मुंबईतला लोखंडाचा बाजार हलवण्यासाठी सिडकोने कळंबोलीत स्टील मार्केट वसवले. आज तिथे पोलादाची बंडले आणि गुंडाळ्या ट्रकवर चढतात, माथाडी कामगार ती हलवतात. द्रुतगती मार्ग कळंबोलीतूनच सुरू होतो आणि बोरघाटातून पुण्याला जातो. दोनशे वर्षांपूर्वीचीच ही दिशा.

कागद आणि कडे

काही महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका लोहार घरातल्या मुलीला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. मुस्लिम कारागीर जमातींना इतर मागासवर्गीयांच्या सवलती मिळाव्यात यासाठी महाराष्ट्रात १९९० च्या दशकात मोठी चळवळ झाली. त्यातून दारे उघडली. पण दाराशी पुरावा मागतात. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा कागद आणा, त्यावर जात किंवा धंदा लिहिलेला असावा. त्या घरात तीन पिढ्यांची ऐरण होती, झिजून मधे खोलगट झालेली. घण होता, सांडशी होती. कागद नव्हता. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, मग दाखल्यावर धंदा लिहिणार कोण? मुलीच्या वडिलांनी मला विचारले, “ऐरणीवर तारीख कुठे असते?”

मला उत्तर सुचले नाही. पण त्या प्रश्नानेच हा लेख लिहायला लावला. आपण आपल्या समाजाचा इतिहास लिहितो तेव्हा कागदावरच्या लोकांचा लिहितो. फर्माने, सनदा, शिलालेख ज्यांच्या नावाने निघाले त्यांचा. त्यावरून दुसरेही आपल्याला तेवढ्यावरच ओळखतात. मुसलमान आणि लोखंड म्हटले की लोकांना तलवार आठवते. धावडाची भट्टी, लोहाराची धाव, नालबंदाची पत्री आठवत नाही, कारण ती आपणही सांगितलेली नाही. अजून म्हातारी माणसे आहेत ज्यांनी गोवऱ्यांच्या रिंगणात लाल होणारी धाव पाहिली आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरात असे कोणी असेल त्यांनी एक वही घ्यावी आणि त्यांच्याजवळ बसावे. कुठल्या नाक्यावर भट्टी होती, लोखंड कुठून यायचे, काय मोबदला मिळायचा, हत्यारांची नावे काय होती, हे लिहून ठेवावे. खाली तारीख टाकावी.

धाव मी भंगारात दिली नाही. भंगारवाला काटा आवरून हसत निघून गेला. नव्या इमारतीत ती ठेवायची कुठे हा प्रश्न घरात अजून चालू आहे. बायको म्हणते गच्चीवर, मुलगा म्हणतो पार्किंगच्या भिंतीवर टांगू. कापलेला तुकडा मात्र माझ्या टेबलावर आहे. शाळेतली मुले घरी आली की मी त्यांना तो दाखवतो आणि फाटलेल्या जागेवरून बोट फिरवायला सांगतो. बहुतेक मुलांना ते आधी लाकूडच वाटते.